विश्वस्तांची तपासणी

ज्याने उभं आयुष्य वजनमाप खात्यात तपासनीस म्हणून काढलं, त्या माणसाने म्हातारपणी ट्रस्ट करायला जाऊ नये. हे मत मी ऐकीव माहितीवर बनवलेलं नाही. बाजारातला प्रत्येक तराजू खोटाच असणार असं धरून मी तो उचलून पाहत आलो. दुकानदार हसून स्वागत करू लागला की माझा हात आधी पारड्याखाली चुंबक आहे का ते चाचपायचा. अशा माणसाला एक दिवस कोणीतरी सांगतं, की आता एक विश्वासू माणूस शोधा आणि राहतं घर त्याच्या हवाली करा. माझं काय झालं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

सगळ्याची सुरुवात आमच्या बाथरूममध्ये झाली. साबणावरून पाय घसरून मी आडवा झालो. बायको बाहेर गेली होती, घरात मी आणि धाकटा असे दोघंच. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. वयाने पन्नाशीला आलेला, पण समज लहान मुलाएवढीच राहिली. आईवडील गेल्यापासून तो आमच्याकडे असतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरातलं लहान माणूस म्हणजे तोच. सकाळी तो एका कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवायला जातो आणि संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे लावतो. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो लावतो म्हणून दुसरं कोणी लावत नाही, एवढंच. दिवे लावायला निघताना तो डोक्यावर एक तपकिरी कानटोपी चढवतो. ती कुठून आली ते कोणाला आठवत नाही. ऋतू कुठलाही असो, टोपी चढल्याशिवाय जिन्यात उजेड पडत नाही.

तर मी पडलो, आणि वेदनेच्या भरात ओरडलो की वहिनीला फोन लाव. धाकट्याला फोन लावता येत नाही हे तेव्हा कुठलं आठवायला. त्याने आत येऊन माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या डोक्याखाली पायपुसणं सारलं आणि निघून गेला. परत आला तो समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना घेऊन.

या बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहेत. इमारतीत सगळे त्यांना लॅबवाल्या म्हणतात. त्यांचा आणि माझा तेव्हा अबोला होता आणि त्याला कारण होतं आमचं चपलांचं कपाट. ते दोन्ही दारांच्या मधल्या जागेत, आमच्या निम्म्या हिश्श्यातच आहे, हे मी पोलादी टेप लावून सिद्ध केलं होतं. त्यांचं म्हणणं, हिस्सा कोणाचाही असो, येताजाता गुडघ्याला लागतं. ज्या बाईंना जिन्यात पाहूनही मी न पाहिल्यासारखं करत असे, त्यांनी मला टॉवेलमध्ये, पायपुसण्यावर डोकं टेकलेल्या अवस्थेत पाहिलं. त्यांनी नळ बंद केला, नाडी पाहिली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत कमोडच्या झाकणावर बसून राहिल्या. मला लाज जास्त वाटत होती की पाय जास्त दुखत होता, ते सांगणं कठीण आहे. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात, ज्यांना सगळे हेडसर म्हणतात. इतके सभ्य गृहस्थ घरात असताना धाकट्याने नेमकं हेच दार का वाजवावं, याचा मला भयंकर राग आला होता.

पायाला प्लास्टर घालून घरी आणलं त्या दिवशी बायको पलंगाच्या कडेला बसली. ती फार बोलणारी नाही. ती म्हणाली, "आज मी परत आले म्हणून ठीक. आपण दोघंही नसलो, तर हा कोणाचं दार वाजवणार?"

मी म्हटलं, बघू. पण त्या प्रश्नानंतर मला झोप नीट लागेना. धाकटा शेजारच्या खोलीत घोरत असायचा आणि मी छताकडे पाहत पडलेला असायचो. आमच्यामागे घर कोण सांभाळणार, याला कोण जेवायला घालणार, याला कोणी या घरातून उठवलं तर तो कुठे जाणार, हे प्रश्न मी इतकी वर्षं व्यवस्थित टाळले होते.

समाचाराला आलेल्यांनी सल्ले दिले. पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही हे सल्ला देणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. इमारतीच्या सेक्रेटरींचं मत पडलं की घर विकून टाकावं. ते त्यांच्या मेहुण्याला हवं होतं. माझा चुलतभाऊ जमिनींचे व्यवहार करतो. त्याने माझ्या गुडघ्यावर, सुदैवाने चांगल्या, हात ठेवून सांगितलं की मी आहे ना, काळजी कशाला. हे वाक्य तो सगळ्यांना म्हणतो, अगदी ज्यांची जमीन घेतो त्यांनाही. शेवटी हेडसर चष्मा पुसून म्हणाले, "ट्रस्ट करा." ट्रस्ट म्हणजे नेमकं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कोणाला विरोधही करता येईना.

प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत मी वकील शोधायला निघालो. पहिले वकील हेडसरांचे माजी विद्यार्थी निघाले. अत्यंत नम्र माणूस. मी म्हटलं, मी आणि माझी पत्नी, आम्हाला राहत्या घराची कायमची व्यवस्था लावायची आहे. त्यांनी हळहळून मान हलवली, बायकोकडे टिशूचा डबा सरकवला आणि विचारलं की या वयात असा निर्णय घेण्यापूर्वी समुपदेशन घेतलंत का. ते फक्त घटस्फोटांची कामं करत असत. गैरसमज दूर व्हायला बराच वेळ लागला, कारण घराचा अर्धा हिस्सा आपल्याला स्वतंत्र मिळू शकतो हे ऐकून बायकोने दोन-तीन शंका विचारल्या. त्या तिने का विचारल्या, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

दुसऱ्या वकिलांच्या दारावर मात्र ठळक अक्षरांत 'ट्रस्टची सर्व कामे' अशी पाटीच होती. ऑफिस थंडगार, भिंतीवर शाळा-रुग्णालयांच्या उद्घाटनांचे फोटो. त्यांनी माझं बोलणं पहिल्या वाक्यातच समजून घेतलं, त्यामुळे पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. आपल्या बांधवांसाठी काही करावंसं वाटणारी माणसं दुर्मिळ होत चालली आहेत, असं ते म्हणाले. मी एकाच बांधवाबद्दल बोलत होतो, पण ते ज्या आदराने बोलत होते तो मला खात्यात कधी मिळाला नव्हता, म्हणून मी दुरुस्ती केली नाही. त्यांनी ट्रस्टला भारदस्त नाव सुचवलं, मला अध्यक्ष केलं आणि उद्दिष्टांची यादी वाचून दाखवली. तीत बौद्धिक अक्षमता असलेल्या समस्त व्यक्तींचा सर्वांगीण विकास होता. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मी अध्यक्ष झालो. तिने विचारलं, धाकट्याचं काय झालं? मी म्हटलं, तो समस्त व्यक्तींमध्ये येतोच.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. हेडसरांनी लेटरहेडचा मसुदा केला. सेक्रेटरींच्या भाच्याला नोकरी हवी होती. कोणा एका मंडळाने मला बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं, मी गेलो आणि भाषणही केलं. अजून ट्रस्ट नोंदलेलाही नव्हता.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने कागद वाचले आणि विचारलं की ट्रस्टची मालमत्ता कुठली. मी म्हटलं, आमचं राहतं घर. त्यात कोण राहतं? मी, पत्नी आणि भाऊ. कारकून पेन खाली ठेवून म्हणाला की हे घर आता समाजाचं होणार, तुम्हाला तिथे फुकट राहता येणार नाही. मी हादरून विचारलं की मग माझ्या भावाचं काय, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय? त्याने सहानुभूतीने सांगितलं की भावाने रीतसर अर्ज करावा. दाखला जोडावा, दोन ओळखीच्या व्यक्तींच्या शिफारशी जोडाव्यात, आणि विश्वस्त मंडळ इतर अर्जदारांबरोबर त्याच्या अर्जाचा विचार करेल. म्हणजे ज्या खोलीत धाकटा झोपतो त्या खोलीत झोपण्यासाठी त्याने माझ्याकडे अर्ज करायचा होता, आणि अध्यक्ष या नात्याने मी तो निःपक्षपातीपणे तपासायचा होता. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी तो दाखल्यातल्या एखाद्या त्रुटीवर परत पाठवला असता.

मी कागद काखेत मारून घरी आलो आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो कोणाकडे द्यायचा हे न कळल्याने बायकोकडे दिला.

खरा पत्ता सापडला तो कार्यशाळेच्या फाटकावर. बायको धाकट्याला सोडायला जाते तिथे इतर मुलांच्या आया उभ्या असतात. मुलांच्या म्हणजे चाळीस-पन्नाशीच्या मुलांच्या. तिथल्या एका आजींनी सांगितलं की त्यांनी हे काम केव्हाच करून ठेवलंय, आणि वकीलबाईंचा पत्ता दिला. बायकोला त्या फाटकावर उभं राहत कित्येक वर्षं झाली, पण तिथे विचारावं हे मला सुचलं नव्हतं. मी सल्ला मागायला नेहमी टेबलामागे बसलेल्या माणसाकडे जातो.

वकीलबाईंचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, खोलीत तीन खुर्च्या. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मधे न बोलता सगळं ऐकलं. मग टेबलावरचा पेपरवेट उचलून बायकोच्या हातात दिला आणि मला समजावलं की ट्रस्टमध्ये तीन माणसं असतात. देणारा म्हणजे मी. ज्याच्या भल्यासाठी द्यायचं तो, म्हणजे धाकटा, त्याला लाभार्थी म्हणतात. आणि मधला विश्वस्त, ज्याच्या हातात ती वस्तू असते. वस्तू कागदावर त्याच्या नावाने होते, पण तिचा फायदा त्याने स्वतः घ्यायचा नाही. तुम्हाला सार्वजनिक ट्रस्ट नको, तुमच्या एका भावापुरता खासगी ट्रस्ट हवा. तुम्ही दोघं आहात तोवर तुम्हीच विश्वस्त राहा. "पण तुमच्यानंतर कोण, ते आज ठरवून या," त्या म्हणाल्या. "कागद मी करीन. माणूस तुम्ही आणायचा."

मी विचारलं, त्या माणसाने घर गिळलं तर? त्या म्हणाल्या की कोर्ट आहे, पण धाकटा कोर्टात जाणार आहे का? म्हणून माणूस नीट निवडा. हे ऐकून बायको माझ्याकडे काळजीने पाहू लागली. तिला वाटलं असावं की आता हे माणसांची तपासणी करणार. तिला माझी ओळख आहे.

तपासणीची पद्धत मी घरी येतानाच ठरवली होती. माझ्याकडे जुन्या पितळी वजनांचा एक संच आहे, निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला. तो लाकडी पेटीत असतो. तपासनिसाकडे असतो तसा सील मारायचा चिमटाही माझ्याकडे आहे, मात्र ठसा नसलेला, कारण सरकारी ठसा घरी ठेवणं गुन्हा आहे आणि गुन्हा करून मी कोणाचा प्रामाणिकपणा तपासणार नव्हतो. पेटीच्या कडीला तार ओवायची, शिशाचं सील दाबायचं, त्यावर फक्त मला ओळखू येईल असा ओरखडा काढायचा आणि पेटी उमेदवाराकडे ठेवायला द्यायची. जो सील जपेल तो घर जपेल. आत वजनं खुळखुळली तर लगेच कळलं असतं आत काय आहे, म्हणून जुन्या चिंध्यांच्या गाठोड्यातून हाताला लागलं ते लोकरीचं काहीतरी घेऊन मी भोवती ठासलं. मी हे करत असताना धाकटा दारात उभा होता. तो काही बोलला नाही. तो माझ्याशी मुळात कमी बोलतो.

उमेदवार दोन, हेडसर आणि चुलतभाऊ. बायको म्हणाली, तिसरं नाव लॅबवाल्यांचं घाला. मी चपलांच्या कपाटाची आठवण करून दिली. तिने बाथरूमची करून दिली. मी नाव घातलं.

पेटी आधी हेडसरांकडे गेली. हेडसरांनी ती इतकी जपली की विचारू नका. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात मधोमध ठेवली, आणि आल्यागेल्याला ते सांगू लागले की ही अमानत आहे, आत काय आहे ते मला विचारू नका. जे कोणी विचारणार नव्हते त्यांनीही विचारलं. पेटी उचलून पाहिलेल्या एका पाहुण्याने वजनावरून सोन्याचा अंदाज बांधला. दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींनी नोटीस लावली, की मौल्यवान वस्तू बाळगणाऱ्या सभासदांनी पहारेकऱ्याच्या खर्चात जादा वाटा उचलावा. ज्या मावसबहिणीशी आमचं येणंजाणं तुटलं होतं ती माझ्या पायाची चौकशी करायला आली, आणि तिची नजर सारखी आमच्या पलंगाखाली जात होती. सील मात्र अभंग होतं. मी भिंगाने पाहिलं. हेडसर ताठ मानेने म्हणाले की कोणी कितीही रडलं तरी मी कडीला हात लावू दिला नाही. कोण रडलं, हे मी विचारलं नाही. मी ओरखडा तपासत होतो.

त्या दिवसांत धाकटा बोडक्या डोक्याने फिरत होता. बायकोने मागे त्याच्यासाठी नवी निळी टोपी आणली होती, ती तो घालत नव्हता. जिन्यात रोज संध्याकाळी अंधार राहू लागला आणि सेक्रेटरींनी त्याचीही नोटीस लावली. आम्हाला वाटलं, त्याला उकडत असेल.

मग पेटी चुलतभावाकडे गेली. त्याने ती गाडीच्या डिकीत टाकली आणि विसरला. विसरणं हाही जपण्याचाच प्रकार म्हणता आला असता, पण त्याची गाडी चुकीच्या जागी उभी होती म्हणून वाहतूक खात्याने उचलून नेली, आणि तो स्वतः परगावी होता. फोनवर म्हणाला, मी आहे ना, तू जाऊन घेऊन ये. मी काठी टेकत त्या आवारात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, पेटीत काय? मी म्हटलं, वजनं. मग सील कशाला? मी म्हटलं, एका माणसाचा प्रामाणिकपणा तपासण्यासाठी. त्याने मला बसायला सांगितलं आणि आणखी दोघांना बोलावलं. जन्मभर मी लोकांना असे प्रश्न विचारले होते. स्वतः उत्तरं देताना लक्षात आलं की खरं उत्तरही किती खोटं वाटू शकतं. त्यांनी पेटी काट्यावर ठेवली. मला आतलं वजन ठाऊक होतं, आणि काटा कमी दाखवत होता. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, तुमचा काटा सदोष आहे. त्यानंतर मला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. अखेर पेटी न फोडता, 'सीलबंद पेटी एक' असं लिहून सोडली. सील अभंग होतं. चुलतभाऊसुद्धा परीक्षेत पास झाला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तिसरी पाळी लॅबवाल्यांची. बायकोनेच पेटी नेऊन दिली. त्यांचं कामच मुळी सीलबंद बाटल्यांचं, तेव्हा सील म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी समोरच्या दारात गेलो, तर पेटी चपलांच्या कपाटावर ठेवलेली, तार तुटलेली, सील लोंबकळतंय. बाई ड्युटीवर निघायच्या घाईत होत्या. "उघडली," त्या म्हणाल्या. "गरज होती. तुमची वजनं आत आहेत, मोजून घ्या." मी वजनं मोजली. सगळी होती. भोवतालची चिंधी तेवढी नव्हती, पण चिंधीचं कोण मनावर घेतो. मी पेटी उचलून तडक आत आलो. अशा प्रसंगी कसं वळून आत जायचं याची मला खात्यापासून सवय आहे. जाताना कपाट गुडघ्याला लागलं.

वकीलबाईंकडे मी तयार अहवाल घेऊन गेलो. हेडसर उत्तीर्ण, चुलतभाऊ तांत्रिकदृष्ट्या उत्तीर्ण, समोरच्या बाई पहिल्याच दिवशी अनुत्तीर्ण. वकीलबाईंनी या वेळी धाकट्यालाही आणायला सांगितलं होतं. तो मधल्या खुर्चीत बसला होता, भर दुपारी, डोक्यावर ती तपकिरी टोपी घालून. माझा अहवाल ऐकून त्या त्याच्याकडे वळल्या.

"टोपी छान आहे."

"पेटीत होती," धाकटा म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. वकीलबाईंनी त्याला घाई केली नाही. त्या एकेक विचारत गेल्या आणि तो सांगत गेला, मोडकंतोडकं, पण क्रमाने. दादाने टोपी पेटीत घातली. पेटी हेडसरांकडे गेली. मग तोही हेडसरांकडे गेला. टोपी द्या म्हणाला. हेडसर म्हणाले, सील आहे. तो दुसऱ्या दिवशी परत गेला, रडला. हेडसर म्हणाले, सील आहे. मग पेटी गाडीत गेली. गाडी कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. मग पेटी समोर आली.

"समोर काय झालं?"

"काकूंनी विचारलं, का रडतोस. मी सांगितलं. काकूंनी कात्री आणली."

वकीलबाईंनी विचारलं, "दादाकडे का नाही मागितलीस?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "दादाला राग येतो."

खालच्या दुकानात कोणीतरी चाक फिरवून पाहत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मला खरोखरच राग येतो. तो आला की दार आपटतं, ताट सरकतं, आणि मला वाटायचं की त्याला त्यातलं काही कळत नाही. त्याला एवढं कळत होतं की आपल्या टोपीसाठी तो दोन घरं हिंडला, पण माझ्या खोलीच्या दारात आला नाही. एका घरात राहून.

वकीलबाईंनी माझा अहवाल घडी करून परत दिला. म्हणाल्या, "परीक्षा चांगली घेतलीत. निकाल उलटा लावलात. विश्वस्ताने देणाऱ्याचं सील सांभाळायचं नसतं. ज्याच्यासाठी दिलंय त्याच्याकडे बघायचं असतं."

मी म्हटलं, पण समोरच्या बाईंनी परवानगी न घेता उघडली.

"तुम्ही नसाल तेव्हा परवानगी कोणाची घेणार?"

मी अहवालाची घडी खिशात घातली. बायकोने माझ्या हातातली काठी घेऊन भिंतीला टेकवली.

मग वकीलबाईंनी धाकट्याला शेवटचं विचारलं. दादा आणि वहिनी घरी नसले, आणि तुला काही लागलं, तर कुठे जाशील? त्याला विचार करावा लागला नाही. "समोर," तो म्हणाला. जो प्रश्न बायकोने मला पलंगाच्या कडेला बसून विचारला होता, त्याचं उत्तर त्याने मी पडलो त्याच दिवशी देऊन टाकलं होतं. पायपुसण्यावर डोकं ठेवून मी ते पाहिलंही होतं.

वकीलबाईंनी सुचवलं की हेडसरांनाही सोडू नका. एक उघडणारा हवा, एक न उघडणारा हवा, आणि दोघांच्या सहीशिवाय घर हलणार नाही असं लिहू. चुलतभावाला कळवलं तेव्हा तो म्हणाला की मी आहेच.

समोरच्या बाईंकडे मी एकटाच गेलो. अबोला कसा मोडायचा ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सरळ मुद्द्यावर आलो आणि ट्रस्ट, लाभार्थी, विश्वस्त असं सगळं उभ्याउभ्या समजावून सांगितलं. त्या दाराला टेकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी माझ्या सवडीने करीन आणि माझ्या पद्धतीने करीन. तुमच्या भावासाठी करीन, तुमच्यासाठी नाही." मी म्हटलं, कायद्यातही तसंच आहे. त्यांची नजर खाली कपाटावर गेली. मी धाकट्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून चपलांचं कपाट आत घेतलं. आता ते आमच्या बैठकीच्या खोलीत, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, अगदी वाटेत आहे.

कागदांवर सह्या झाल्या, नोंदणी झाली. या वेळी कारकुनाने कोणाला अर्ज करायला सांगितलं नाही. हेडसरांनी सही करण्यापूर्वी मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. लॅबवाल्या ड्युटीवरून तशाच आल्या आणि सही करून तशाच गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस मी धाकट्याला सांगत होतो की तुला काही हवं असलं तर माझ्याकडे माग. तो मान हलवायचा आणि वहिनीकडे मागायचा. मी दार आपटणं सोडलं. निदान तसा प्रयत्न करू लागलो. एकदा सवयीने आपटलं, तेव्हा परत उघडून हळू लावलं. मागणं काही आलं नाही. मीही मग सांगायचं सोडून दिलं.

परवा संध्याकाळी मी खुर्चीत बसलो असताना तो माझ्या खोलीच्या दारात आला. मी वर पाहिलं, पण काय हवं म्हणून विचारलं तर तो परत जाईल अशी मला भीती वाटत होती.

"दादा," तो म्हणाला, "ती पेटी मला दे."

मी वजनं बाहेर काढून खिडकीत मांडली आणि पेटी त्याच्या हातात ठेवली. कशाला हवी, हे विचारलं नाही. टोपी चढवून तो जिन्यातले दिवे लावायला गेला. परत आल्यावर त्याने टोपी काढली, पेटीत ठेवली, झाकण मिटलं. कडी लावली नाही.